सोलोत नवी केरिस बनवून घेतली: पात्याला पाच स्टार, म्यानाला दीड

आधीच सांगून ठेवतो, मी शस्त्रांचा जाणकार वगैरे अजिबात नाही. इचलकरंजीचा माणूस, सोलोजवळच्या (इंडोनेशियात जावा बेटावरचं शहर, सुराकार्ता पण म्हणतात) एका स्पिनिंग मिलमधे मेंटेनन्सला आहे, चार वर्षं झाली. इकडे जावामधे आपले टेक्स्टाइलवाले बरेच आहेत, आणि परत जाताना सगळे बाटिकच्या साड्या नि शर्ट भरून नेतात. मला कापडाचा कंटाळा, दिवसभर तेच बघतो. लोखंडाचं वेड मात्र लहानपणापासून, आजोळी गावाबाहेर घिसाडी उतरले की मी शाळा बुडवून त्यांच्या भात्यासमोर बसायचो नि संध्याकाळी मार खायचो. त्यामुळे सोलोत नव्या केरिस अजून घडवतात हे कळल्यावर मला राहवलं नाही.

केरिस म्हणजे जावाची कट्यार म्हणा, पण आपल्या कट्यारीसारखी मुठीत आडवी धरायची नाही. पातं बुडाशी एका बाजूला रुंद, सरळ असतं किंवा नागमोडी, आणि नागमोडी असेल तर वळणं कायम विषम, तीन पाच सात अशी. लग्नात नवरदेव पाठीमागे कमरेला खोचतो. युनेस्कोने 2005 साली या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशातला उत्कृष्ट नमुना म्हणून जाहीर केलं आणि 2008 ला अमूर्त वारशाच्या यादीत घातलं, हे इथला रिक्षावाला पण सांगतो.

आता पहिला धडा, जो मी पैसे देऊन शिकलो. तीन वर्षांपूर्वी एका दुकानात (नाव लिहीत नाही) मला 'माजापाहित काळातली' (माजापाहित म्हणजे जावाचं जुनं साम्राज्य) म्हणून एक केरिस चिकटवली होती. काळी पडलेली, कडा खाल्लेल्या, बघून वाटावं की सहाशे वर्षं जमिनीत होती. मिलमधे एक जाणता सुपरवायझर आहे, त्याने हातात घेतली, नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि हसत सुटला. म्हणाला हे ॲसिडने म्हातारं केलेलं पोर आहे. त्यानेच मग सांगितलं की नवीच घ्यायची तर नवी म्हणून घे ना, त्याला इथे 'कामार्दिकान' म्हणतात, म्हणजे 1945 च्या स्वातंत्र्यानंतर घडवलेली. शब्द 'मर्देका'वरून आला आणि मर्देका मुळात संस्कृत महर्द्धिकवरून, म्हणजे फिरून आपल्याच अंगणात.

त्यानेच मला या कार्यशाळेत नेलं. शहराबाहेर, भाताच्या शेतांच्या कडेला, घरामागची शेड. लोहारशाळेला इथे 'बेसालेन' म्हणतात आणि केरिस घडवणाऱ्याला 'एम्पू'. एम्पूचं नाव देत नाहीये कारण पुढे तक्रारी पण लिहिल्यात आणि त्या सगळ्या त्याच्या एकट्याच्या नाहीत. आपण त्याला पाक म्हणू, इथे काका-साहेब सगळ्याला पाकच म्हणतात.

पहिल्या भेटीत पाकने कॅटलॉग वगैरे काही दाखवलं नाही. जन्मतारीख विचारली. मोबाइलमधे जावानीज कॅलेंडरचं ॲप उघडलं (हो, ॲप आहे) आणि म्हणाला तुझा जन्म मंगळवार क्लिवोनचा. यांचा सात दिवसांचा आठवडा आहेच, शिवाय पाच दिवसांचा वेगळा चालतो, लेगी पाहिंग पोन वागे क्लिवोन, आणि मंगळवार नि क्लिवोन एकत्र आले की त्या दिवसाला 'अंगारा कासिह' म्हणतात. अंगारा म्हणजे मंगळ. मी त्याला सांगितलं की आमच्याकडे मंगळवारी संकष्टी आली की अंगारकी, तर तो इतका खूश झाला की बायकोला हाक मारून परत एकदा चहा मागवला. अर्धी ऑर्डर तिथेच झाली म्हणा ना.

मग पातं कुठल्या घाटाचं ते ठरवायचं. घाटाला 'धापुर' म्हणतात, शेकड्याने आहेत, प्रत्येकाला नाव. एक 'पासोपाती' म्हणून आहे, आपलं पाशुपत. पाच वळणांचा 'पांडावा'. मला अर्थात पाशुपत पाहिजे होतं, कोणाला नको? पाक शांतपणे म्हणाला तुला भांडायचंय का कोणाशी? घरात ठेवायची असेल तर 'तिलाम उपिह' घे. साधं सरळ पातं, कोरीवकाम अगदी थोडं, तिलाम म्हणजे गादी आणि उपिह म्हणजे सुपारीच्या झावळीची पोय, घरात शांतता नांदावी म्हणून घेतात. बायकोने गादी ऐकून तिथल्या तिथे होकार दिला. वर हे पण खरं की वळणं नाहीत म्हणजे मजुरी कमी, ते मला आवडलं.

किमतीचं बोलणं वेगळंच असतं. 'किंमत किती' विचारायचं नाही, 'मास कावीन किती' विचारायचं, म्हणजे लग्नात नवरा नवरीला देतो ते. मास कावीन 80 लाख. बायकोचा चेहरा बघायला पाहिजे होता. 80 लाख रुपिया हो, आपले चाळीस-बेचाळीस हजार झाले. फक्त पात्याचे. म्यान, मूठ, मुठीखालची रिंग सगळं वेगळं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता मुख्य गोष्ट, घडवणं. मी एकूण पाच रविवार जाऊन बसलो आणि खरं सांगतो, पैसे तिथेच वसूल झाले.

पात्यावर जी रुपेरी नक्षी दिसते तिला 'पामोर' म्हणतात. ती वरून काढलेली नसते, लोखंडाच्या पोटातून आलेली असते. ज्यांनी दिवाळीत चिरोटे केलेत त्यांना लगेच कळेल. पोळीवर साटा लावायचा, घडी घालायची, लाटायचं, आणि कापल्यावर पदर दिसतात. इथे पोळी म्हणजे लोखंड आणि साटा म्हणजे निकेल. लोखंडाच्या दोन पट्ट्यांमधे निकेलचा पत्रा घालतात, सागाच्या कोळशात इतकं तापवतात की लोखंडातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागतात, आणि त्याच क्षणी बाहेर काढून घण. एक सेकंद आधी काढलं तर सांधा बसत नाही, उशीर केला तर लोखंड जळून जातं. मग लांबवायचं, मधोमध छिन्नीने अर्धं कापायचं, घडी, परत भट्टी, परत घण. माझ्या पात्याला सात घड्या, म्हणजे निकेलचे 128 थर. नंतर त्या लादीचे दोन तुकडे करून मधे पोलादाची पट्टी घालतात, धार त्या पोलादाची, शोभा बाहेरच्या थरांची.

पाक स्वतः घण मारत नाही. तो सांडशीत लोखंड धरून छोट्या हातोडीने फक्त टक् करून दाखवतो की इथे मार, आणि समोरचे दोन गडी, त्यांना 'पांजाक' म्हणतात, एकाआड एक घण घालतात. टक्, धाड, धाड, टक्, धाड, धाड. बोलणं शून्य. तिसऱ्या घडीला मला काही वेगळं दिसलं नाही पण पाकने हात वर केला, सगळे थांबले. कान लावून परत हातोडी मारली. म्हणाला आवाज बद्द येतोय, आत सांधा सुटलाय. एवढा अर्ध्या दिवसाचा घाम, पण त्याने तो कोपरा कापून बाजूला टाकला आणि परत तापवायला घातलं, चेहऱ्यावर काही नाही. आमच्याकडे असं झालं असतं तर आधी तीन मीटिंगा झाल्या असत्या.

खपली उडून, कापून, कानशीने घासून लोखंड जातं किती ते बघून जीव हळहळतो. सुरुवातीला दहा-बारा किलो घेतलेलं, शेवटी हातात आलेलं पातं अर्धा किलोसुद्धा नाही.

भाता मात्र आता नाही, इलेक्ट्रिक ब्लोअर आहे. आणि त्या ब्लोअरचं बेअरिंग असं किंचाळत होतं की पहिल्या रविवारी माझं डोकंच उठलं. सूत गिरणीतल्या माणसाला खराब बेअरिंगचा आवाज म्हणजे दुसऱ्याच्या पोराचं रडणं, दुर्लक्ष करताच येत नाही. दुसऱ्या रविवारी येताना बाजारातून बेअरिंग घेऊनच आलो, वीस मिनिटांत बदलून दिलं. ब्लोअर गप्प झाला तशी पाकने भुवई उंचावली, कान लावून ऐकलं, पांजाककडे बघून काहीतरी जावानीजमधे म्हणाला. नंतर कळलं, म्हणाला होता 'हा पण एम्पूच आहे, पंख्यांचा'. माझ्या नोकरीत मला मिळालेलं सगळ्यात मोठं प्रमोशन.

काही शुद्धतावादी लोक ब्लोअरवरून नाक मुरडतात, ग्राइंडरवरून तर भांडतात. माझं मत, घडी घालताना हात आणि कान लागतो तिथे मशीन नको, बाकी जाड माल उतरवायला ग्राइंडर लावला तर काय बिघडलं, फक्त गिऱ्हाइकाला सांगा. पाकने सांगितलं होतं. शेवटचं सगळं काम, बुडाशी अंगठ्याएवढा खळगा असतो तो, आणि त्याच्या वरची भुवईसारखी खाच, कानशीनेच केलं, ते मी बघितलंय.

अजून एक प्रामाणिकपणा. मी विचारलं होतं की उल्केचं लोखंड घालता येईल का. कारण गोष्ट प्रसिद्ध आहे, प्रंबाननजवळ उल्का पडलेली, अठराव्या शतकाच्या शेवटी तिचे तुकडे सोलोच्या राजवाड्यात आणले आणि राजाचे एम्पू त्याचा पामोर वापरायचे. पाक म्हणाला उल्का बाजारात मिळते, घालतो, दुप्पट पैसे घेतो, पण घातलेली खरंच उल्का आहे हे तुला कसं दाखवणार? निकेल घे, निकेल चमकतं. बस, इथे मी माणूस ओळखला.

तिथे एक तरुण पोरगा पण आहे, सोलोच्या सरकारी कला विद्यापीठात, आयएसआय सुराकार्तामधे, केरिसचा चक्क वेगळा विभाग आहे, तिथून शिकून आलेला. माझ्या सगळ्या येड्यागबाळ्या प्रश्नांची उत्तरं त्यानेच इंग्लिशमधे दिली. त्याच्याकडून कळलं की मधल्या काळात ही कला जवळजवळ बंद पडली होती. राजेरजवाड्यांची ऑर्डर थांबली, मग जपानी आले, मग युद्ध, एम्पूंनी कोयते नि नांगराचे फाळ करायला घेतले. 1970 च्या दशकात द्रेशर नावाचा एक जर्मन दर्यावर्दी योग्यकार्ताजवळच्या एका एम्पू घराण्याकडे येऊन बसला, मला केरिस घडवताना बघायचीय म्हणून, आणि त्या भावांनी परत भट्टी पेटवली. त्यातले एम्पू जेनो हारुंब्रोजो पुढे खूप नावाजले, आता मुलगा चालवतो. तिकडे मदुरा बेटावर सुमेनेपकडे आएंग तोंग-तोंग नावाचं आख्खं गावच केरिस करतं, घरोघरी. बाजारात ज्या स्वस्त केरिस दिसतात त्यातल्या बऱ्याच तिकडूनच येतात, त्यात वाईट काही नाही, वाईट तेव्हा जेव्हा दुकानदार तिला सहाशे वर्षांची करतो.

ज्यांना यायचंय त्यांनी आधी सोलोतलं केरिस म्युझियम बघा, 2017 ला सुरू झालंय, दोन तास पुरतात, नावं डोक्यात बसतात. आणि जमलं तर लावू डोंगराच्या उतारावरचं चंडी सुकुह, पंधराव्या शतकातलं देऊळ. तिथे दगडात एक लोहारशाळा कोरलीय. एका बाजूला भीम पातं घडवतोय, दुसऱ्या बाजूला अर्जुन भाता चालवतोय, आणि मधे आपले गणपतीबाप्पा, नाचतायत. लोहारशाळेत! बायकोने तिथेच हात जोडले, मी मात्र भात्याची रचना बघत बसलो, उभ्या दोन नळ्या, वरून दट्टे, आपल्या चामड्याच्या भात्यासारखं काहीच नाही.

परत माझ्या पात्यावर येतो. घासून झालं तेव्हा ते पांढुरकं साधं लोखंड दिसत होतं, नक्षीचा पत्ता नाही, माझं तोंड पडलं. खरी मजा शेवटी. आधी पातं स्वच्छ करतात, नारळपाणी, लिंबू आणि 'लेराक'. लेराक हातात घेऊन बघितलं तर रिठा हो! आजी पैठणी धुवायची तो रिठा, तसाच फेस, तसाच वास. मग लिंबाच्या रसात कालवलेला सोमल. हो, सोमलच, विष. म्हणून हे घरी करायच्या भानगडीत पडू नका, पाकने मुलांना शेडबाहेर काढलं होतं आणि बायकोला पण लांबच उभं केलं. सोमल लागला की लोखंड काळं पडतं आणि निकेल पडत नाही. पाक बोटांनी हळूहळू चोळत होता आणि त्या काळ्यातून एकेक रुपेरी ठिपका, रेघ, भोवरा वर यायला लागला, जसे फोटोच्या डार्करूममधे फोटो यायचे तसा. या नक्षीला 'वोस वुताह' म्हणतात, सांडलेले तांदूळ. बायको म्हणाली म्हणजे माप ओलांडलं की हिने. भाषांतर करून सांगितल्यावर पाकच्या बायकोला कोण हसू आलं.

36 सेंटिमीटर पातं, हातात अगदी हलकं, टिचकी मारली की बारीक ठण्ण आवाज येतो नि बराच वेळ राहतो. दोष काढायचाच म्हटला तर टोकाकडे एका बाजूचे तांदूळ जरा विरळ आहेत. मी दाखवलं तर पाक म्हणाला सांडताना मोजून सांडतात का? बरोबर आहे. पाच स्टार.

वेळेबाबत मात्र एक स्टार कापतो. सांगितले तीन महिने, लागले सात. आधी पावसात कोळसा भिजला, मग पांजाक कापणीला गेले, मग पाकच्या पुतणीचं लग्न. प्रत्येक वेळी मी फोन केला की 'सबार, पाक', म्हणजे धीर धरा. बरं फोन दरवेळी उचलला हो, हे पण लिहिलं पाहिजे, पुण्यातल्या आमच्या फर्निचरवाल्याने तेवढं पण केलं नव्हतं.

आणि आता म्यान. इथे मी फसलो. मला वाटलेलं केरिस म्हणजे एक वस्तू, एका माणसाने केलेली. तसं नसतंच. पातं एम्पूचं, म्यान 'म्रांगी' करतो, मूठ कोरणारा वेगळा, मुठीखालची रिंग करणारा वेगळा, म्यानावरची धातूची नळी ठोकणारा अजून वेगळा. पाकने नेहमीच्या म्रांगीकडे काम दिलं, 20 लाख रुपिया, आणि लाकूड ठरलं तिमोहो. तिमोहोला नैसर्गिक गडद डाग असतात, सुंदर दिसतात, त्याचेच पैसे. दोन महिन्यांनी म्यान आलं, डाग इतके देखणे की मला शंका आली. घरी येऊन ओल्या कापसाने पुसलं. कापूस तपकिरी. रंगवलेले होते राव!

ते पण मी गिळलं असतं. पण लाकूड नीट वाळवलेलं नव्हतं, डिसेंबरच्या पावसात फुगलं आणि केरिस आत अडकली. जोर लावला तर पातं दुखावेल म्हणून तीन दिवस म्यान तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं, तेव्हा सुटली. सांडलेले तांदूळ परत तांदळात, बायकोचा विनोद, मी हसण्याच्या मूडमधे नव्हतो.

पाककडे गेलो. त्याने कापूस बघितला, गप्प बसला, म्हणाला म्रांगी शेजारी आहे, त्याचे वडील माझ्या वडिलांची म्यानं करायचे, मी त्याला काय बोलू. हे मला पटलं नाही, ऑर्डर त्याच्यामार्फत दिली होती, पैसे त्याने मोजून घेतले होते. पण जाताना त्या पोराने गुपचूप सांगितलं की या भागात मनासारखं म्यान करणारे आता मोजकेच राहिलेत, त्यांच्याकडे रांग, एम्पूचं नाव होतं, पेपरात फोटो येतो, म्रांगीला कोण विचारतो, पोरं सगळी फॅक्टरीत. फॅक्टरीत म्हणजे आमच्याच. मी काही बोललो नाही.

तर तुम्ही ऑर्डर देणार असाल तर पात्याचे आणि म्यानाचे पैसे वेगळे ठेवा, म्रांगीला स्वतः भेटा, लाकूड आधी बघा, ओला कापूस खिशात ठेवा. मूठ मात्र छान निघाली, साधी, हातात बसणारी, तिच्याबद्दल तक्रार नाही. भारतात न्यायची असेल तर आपला शस्त्र कायदा आधी नीट वाचून घ्या, एवढ्या लांब पात्याला परवान्याचा प्रश्न येतो, माझी तरी सध्या इथल्या फ्लॅटवरच आहे. आणि जुनी केरिस असेल तर इंडोनेशियाचा 2010 चा वारसा कायदा वेगळा लागतो, नवीला ती कटकट नाही, फक्त नवी असल्याचा कागद लिहून घ्या. पाकने हाताने लिहून दिला, सही करून.

खंडेनवमीला पूजेत ठेवली, झेंडू वाहिला, पाकला फोटो पाठवला. त्याने उलट विचारलं की ब्लोअर परत आवाज करतोय, कधी येतोस?

गेलो. यावेळी पट्टा सैल होता. त्याबदल्यात त्याने दुसऱ्या म्रांगीचं नाव दिलं, त्याच्याकडे नवं म्यान टाकलंय, लाकूड स्वतः निवडलं, कापूस लावून बघितला. लेगीच्या दिवशी देतो म्हणालाय. लेगी दर पाच दिवसांनी येते, कुठली लेगी ते विचारायचं राहिलं.